जस्त मरतं तेव्हा लोखंड जगतं

बाळापूर तालुक्यातल्या एखाद्या खारपाण गावात जुन्या बोअरचा पाइप वर काढत असतील, तर थांबून बघावं. चेनपुलीवर एकेक पाइप वर येतो. मधल्या लांबीत त्यावर पांढुरका थर, कुठे तांबूस डाग, बाकी पाइप शाबूत. सॉकेट फिरवायला गेलं की मात्र आट्यांचा भुगा हातात येतो. ‘‘आटे पाडले तिथंच खाल्ला पहा, भाऊ. खारं पाणी हाय, लोखंडाले सोडते का?’’ असं म्हणत मिस्त्री पान्हा बाजूला ठेवतो आणि हॅक्सॉ मागवतो. त्याच पाइपाच्या वरच्या टोकाला पितळी व्हॉल्व्ह असला, तर आणखी एक गोष्ट दिसते. व्हॉल्व्ह अगदी धड, आणि त्याला चिकटून असलेलं बोटभर लोखंड पार गेलेलं.

या दोन गोष्टी नीट कळल्या की समुद्रातली शिडाची होडी आणि तिला वाहून नेणारा ट्रेलर कसा जपायचा, यातलं निम्मं शास्त्र कळलं म्हणायचं. समुद्र इथून पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर आहे खरा. पण खारं पाणी आमच्या पायाखालीच आहे.

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने काम सुरू केलं आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७मध्ये ते पुरं केलं. भर पावसाळ्यात किल्ल्याला जवळजवळ चहूबाजूंनी पाणी लागतं. ते पाणी गोडं. पूर्णेच्या अंगाला सरकलं की जमीन सपाट, काळी, शेकडो मीटर खोल गाळाची होत जाते आणि त्या गाळातलं पाणी खारं निघतं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली आठशेहून जास्त गावं या पट्ट्यात येतात. एके काळी पूर्णेच्या खोऱ्यात विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत असत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २,०००पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. खारपाणातल्या कित्येक बोअरी ही हद्द ओलांडतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्षार असतात सुमारे ३५,००० मिलिग्रॅम. म्हणजे मिस्त्रीच्या हातातला पाइप ज्याने खाल्ला, ते पाणी समुद्राच्या मानाने फिकंच.

आता हे खाणं म्हणजे नेमकं काय? लोखंड गंजतं तेव्हा त्याचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात निघून जातात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या जागी पोचतात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते उचलतो. हे चक्र पुरं व्हायचं तर पाण्यातूनही विद्युतभार इकडून तिकडे जावा लागतो. शुद्ध पाण्यातून तो जेमतेम जातो, मिठाच्या पाण्यातून बिनदिक्कत. शिवाय मिठातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडत राहतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले, की ती सरळ सरळ बॅटरी होते. त्यातला जो धातू इलेक्ट्रॉन सोडायला जास्त उतावीळ, तो विरघळतो. दुसरा जसाच्या तसा राहतो. जस्त लोखंडापेक्षा उतावीळ आहे आणि लोखंड पितळापेक्षा.

आट्यांचं कोडं इथेच सुटतं. जीआय पाइपावर जस्ताचा मुलामा असतो. आटे पाडताना डाय तो मुलामा खरवडून काढते आणि नेमक्या त्या जागी लोखंड उघडं पडतं. खरवडलेली पट्टी रुंद असते, सांध्याच्या फटीत खारं पाणी साचून राहतं आणि आसपासचं जस्त संपलं की लोखंडाची पाळी येते. बारीक ओरखडा असता तर मात्र काहीच झालं नसतं. रंगावर ओरखडा उठला की गंज रंगाखालून पसरत जातो. जस्तावर उठला तर दोन्ही बाजूंचं जस्त स्वतः विरघळतं आणि मधल्या उघड्या लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवत राहतं. जस्त लोखंडाला झाकतं एवढंच आपल्याला माहीत असतं. ते लोखंडाच्या आधी मरतं, हे त्याचं खरं काम.

ब्रिटिश नौदलाला हा धडा जरा महागात मिळाला. १७६१मध्ये त्यांनी ‘अलार्म’ नावाच्या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडीजच्या उबदार समुद्रात पाठवलं. १७६३मध्ये तळ तपासला तेव्हा तांब्याखालचं लाकूड झकास होतं, पण पत्र्यांना टेकलेले लोखंडी खिळे ठिकठिकाणी विरघळून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत निघाले. पत्रे आले ते तपकिरी कागदात गुंडाळलेले, आणि कामगारांनी काही ठिकाणचा कागद काढलाच नव्हता. जिथे तांबं आणि लोखंड यांच्यामधे तो कागद राहिला, तिथे खिळा वाचला. कुणाच्या तरी आळसामुळे विद्युतरोधनाचा शोध लागला, असं म्हणायला हरकत नाही. तेव्हा व्होल्टाची बॅटरी यायलाच अजून चार दशकं होती. आपण काय पाहतो आहोत, हे कुणालाच सांगता आलं नसतं. आजही होडीच्या अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेसचा स्क्रू बसवताना मधे नायलॉनची चकती किंवा खास लेप घालतात. तोच तपकिरी कागद.

पण मुळात लाकडाला तांबं ठोकायची वेळ का आली? कारण उबदार समुद्रात लाकूड खाणारा एक प्राणी आहे. खलाशी त्याला किडा म्हणत आले, दिसतोही तो किड्यासारखा. प्रत्यक्षात तो शिंपल्यांचा भाऊबंद आहे. त्याच्या शिंपल्याच्या दोन झडपा आखडून डोक्याशी दोन छोट्या कानशी होऊन बसल्या आहेत. त्या घासत घासत तो लाकडात शिरतो आणि मागचं मऊ लांबलचक शरीर त्या बोगद्यात पसरतो. बोगद्याच्या भिंतींना चुन्याचं अस्तरही देतो. त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू लाकूड पचवायची पाचकद्रव्यं तयार करतात. समुद्रात राहून लाकडावर पोट भरायची ही किमया त्यांच्या जोरावर चालते. भीतीची गोष्ट अशी, की तो शिरतो तेव्हा टाचणीच्या टोकाएवढा असतो. बाहेरून फळी साफ दिसते, पृष्ठभागावर एखाद-दुसरं बारीक छिद्र, आणि आत सगळं पोखरलेलं. १५०३मध्ये कोलंबसची उरलेली जहाजं या प्राण्याने इतकी पोखरली, की ती जमैकाच्या किनाऱ्याला लावण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही आणि तो वर्षभर तिथे अडकून पडला. १७३१मध्ये याच प्राण्याने हॉलंडच्या समुद्रबांधांचे लाकडी खांब खाल्ले आणि अख्ख्या देशाची झोप उडवली. लंडनमध्ये थेम्स नदीखालून बोगदा काढणाऱ्या मार्क ब्रुनेलला बोगद्याची ढाल सुचली, तीही डोकं पुढे घालत आणि मागे भिंत लिंपत जाणाऱ्या या प्राण्यावरूनच, असं सांगतात.

तांब्यातून मात्र तो शिरू शकत नाही. तांबं लावलेल्या तळावर शेवाळ आणि शिंपलेही टिकत नाहीत, म्हणून जहाजं जोरात पळतात. अडचण एवढीच, की तांबं हळूहळू झिजतं आणि ते महाग. म्हणून १८२३-२४मध्ये नौदलाने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीला विचारलं, की हे झिजणं थांबेल का? डेव्हीला तोवर विजेचं रसायनशास्त्र कळलेलं होतं. त्याचा मदतनीस होता मायकेल फॅरडे. डेव्हीने सांगितलं, तांब्यापेक्षा उतावीळ धातू त्याला जोडा: जस्त किंवा बिडाचं लोखंड. आणि फार नको. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या हिश्श्याएवढा पुरे. प्रयोग केले, जहाजांना पट्ट्या लावल्या, आणि तांबं खरोखरच झिजेनासं झालं. पाण्यात बुडालेल्या धातूला दुसरा धातू देऊन वाचवण्याची युक्ती ती हीच. आज तेलाच्या वाहिन्यांपासून गोदीतल्या खांबांपर्यंत सगळीकडे ती चालते.

यापुढचा प्रकार मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत थोर वाटतो. तांबं वाचलं आणि जहाजाचा तळ शेवाळाने, शिंपल्यांनी भरून गेला. कारण समुद्री जीव तांब्याच्या पत्र्याला भीत नव्हतेच. पत्र्यातून अखंड सुटणाऱ्या विरघळलेल्या तांब्याला भीत होते. डेव्हीने तांब्याचं झिजणं थांबवलं, म्हणजे त्याचं विषच काढून घेतलं. काही वर्षांतच नौदलाने पट्ट्या काढून टाकायला लावल्या. तांबं नुसतं असून उपयोग नव्हता, ते मरत राहायला हवं होतं. प्रयोग शंभर टक्के यशस्वी आणि जहाज निकामी, असा निकाल शास्त्राच्या इतिहासात फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

तळाला चिकटणाऱ्या मंडळींत सगळ्यांत चिवट म्हणजे बार्नेकल. कोकणच्या किनाऱ्यावर खडकांवर पांढऱ्या, धारदार, ज्वालामुखीच्या तोंडासारख्या टोप्या दिसतात, अनवाणी चालणाऱ्याचे पाय कापतात, त्या याच्या. बराच काळ शास्त्रज्ञही याला शिंपल्यात गणत होते. तो निघाला खेकड्या-कोळंबीच्या जातीचा. चार्ल्स डार्विनने याच्या जातींवर आठ वर्षं घालवली आणि कंटाळून आपल्याइतका बार्नेकलचा तिटकारा कुणाला नसेल अशा अर्थाचं लिहूनही ठेवलं. त्याचं पिल्लू शेवटच्या अवस्थेत काहीच खात नाही. त्याला एकच काम असतं, घर शोधणं. डोक्यावरच्या दोन मिशांवर ते पृष्ठभागावरून अक्षरशः चालत जातं, पावलापावलाला चिकट ठसा उमटवतं, चाचपतं, वास घेतं, जागा नापसंत पडली तर उठून पुढे पोहत जातं. पसंत पडली की डोकं टेकवून सिमेंट सोडतं. त्यानंतर जन्मभर ते डोक्यावर उभं राहतं आणि वरच्या झडपेतून पाय बाहेर काढून पाण्यातलं अन्न तोंडात लोटतं. एकदा बसल्यावर जोडीदाराकडे जायची सोय नाही. म्हणून निसर्गाने त्याला शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीत जवळपास सर्वांत लांब म्हणावं असं जननेंद्रिय दिलं आहे. तरी शेजार हाताशी हवाच. त्यामुळे आपल्या जातीचा वास जिथे येईल तिथेच पिल्लं गर्दी करतात. तळावर एक बसला की वस्ती झालीच म्हणून समजा.

ही वस्ती किती जड पडते ते २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दिसलं. जुन्या पद्धतीच्या छोट्या शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची ही शर्यत. आपला अभिलाष टॉमी याच शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडून जखमी झाला होता. विजेत्या ज्याँ-लुक व्हॅन डेन हीडला २१२ दिवस लागले. पाचव्या आलेल्या फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनला ३२२. त्याच्या बोटीच्या तळावर बार्नेकलचं रान माजलं होतं. वारा तोच, शीड तेच, पण बोट पुढे सरकेना.

उबदार पाण्यात हे सगळं दामदुपटीने घडतं. ढोबळ हिशेबाने तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. युरोपातल्या समुद्रात हिवाळ्यात जीवांची वाढ मंदावते, होडीवाल्याला उसंत मिळते. आपल्या अरबी समुद्रात बाराही महिने सुगीच. पाण्यात टाकलेल्या स्वच्छ फळीवर काही मिनिटांत सेंद्रिय पदार्थांचा थर बसतो, काही तासांत जिवाणू येतात, काही दिवसांत बुळबुळीत शेवाळ, आणि काही आठवड्यांत बार्नेकल.

कोकणातल्या माणसाने यावर काढलेला तोडगा अगदी साधा आहे: होडी पाण्यात ठेवूच नका. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून, वरून झापांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रात लोटतात. ते दोन-अडीच महिने तळ कोरडा पडतो आणि त्याला चिकटलेले जीव मरतात. एरवीही भरतीच्या पाण्यावर होडी किनाऱ्याला आणायची, ओहोटीला ती कुशीवर कलली की तळ खरवडायचा, तेल द्यायचं. उंडीच्या बियांचं कडवट तेल, मुशीच्या यकृताचं तेल, चुना, राळ, अशा लेपांवर पिढ्यान्पिढ्या होड्या चालल्या. मोठ्या गलबतांना ओढता येत नाही, म्हणून मराठ्यांच्या आरमाराने विजयदुर्गाजवळ, वाघोटण खाडीवरच्या गिर्ये इथे खडक कोरून गोदी केली. भरतीबरोबर जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळ उघडा पडतो. पंप नको, वाफ नको. चंद्र फुकटात काम करतो.

लाकडाची निवडही त्यातलीच. सागाच्या लाकडात तेल असतं, त्यात ठोकलेला लोखंडी खिळा सहसा गंजत नाही. युरोपचं ओक मात्र आम्लधर्मी, ते खिळ्याला खातं आणि गंजलेला खिळा उलट लाकडाला. मेळघाटातला साग आपण चौकटी-दारांना वापरतो; पश्चिम किनाऱ्यावरच्या सागाने जहाजं झाली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७मध्ये पाण्यात उतरली, ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे अजून तरंगते आहे. दोनशे वर्षं झाली की तिला.

आणि खिळाच नसला तर? गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सने बांधलेली आणि २१ मे २०२५ रोजी कारवार इथे नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ शिवलेली नौका आहे. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या, सांधे नैसर्गिक राळेने बुजवले. दुसरा धातूच नाही तर बॅटरी कुठून होणार? तिचा नमुना घेतला आहे पाचव्या शतकातल्या चित्रावरून, आणि ते चित्र आहे अजिंठ्याच्या लेण्यात. समुद्रापासून इतक्या दूर, आम्हा वऱ्हाडकरांच्या शेजारी, कुण्या चितारीला शिडाचं जहाज इतकं नेमकं माहीत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

ज्या बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये आणि अभिलाष टॉमीने २०१२-१३मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘म्हादेई’ही गोव्याचीच, रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. तिच्या अंगात लाकडाच्या पट्ट्या आहेत आणि त्यांवर फायबर-ग्लास आणि इपॉक्सीचं कवच. फायबरला गंज नाही, पोखरणारा किडा नाही. मग प्रश्न मिटला? नाही मिटला. साध्या फायबरच्या होडीवर जेलकोट नावाचा चकचकीत थर असतो, त्यातून पाण्याचे रेणू अत्यंत सावकाश आत शिरतात. आत घडणीच्या वेळी राहून गेलेली थोडी रसायनं असतात. पाणी त्यांना विरघळवतं, आत तीव्र द्रावण तयार होतं, आणि मग भिजवलेल्या मनुका ज्या न्यायाने फुगतात त्याच न्यायाने ते द्रावण बाहेरून आणखी पाणी खेचतं. तळावर फोड येतात. फोडला की आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो.

गंमत पुढेच आहे. बाहेरचं पाणी जितकं खारं, तितकी ही खेच कमी. म्हणून फायबरच्या होडीला फोड यायची भीती समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात जास्त. खडकवासल्याच्या जलाशयात वर्षभर नांगरून ठेवलेली होडी आणि मुंबई बंदरातली तशीच होडी यांच्यात, या बाबतीत, मुंबईची सुखी. उबेने मात्र दोघींचं दुखणं वाढतं. उपाय जेलकोटवर इपॉक्सीचे थर देण्याचा. आणि छोट्या होडीला तर त्याहून सोपा, कोकणातलाच: काम झालं की बाहेर काढा.

तळाच्या रंगाने आता तांब्याच्या पत्र्याची जागा घेतली आहे. त्या रंगात तांब्याची संयुगं असतात आणि रंगाने थोडं थोडं झिजत तांबं सोडत राहावं अशीच त्याची रचना असते. मधल्या काळात कथिलाचं ट्रायब्युटिलटिन हे संयुग रंगात घालायची टूम निघाली. इतका जालीम रंग कधी झाला नव्हता. मग फ्रान्समध्ये आर्काशाँच्या उपसागरात कालवांचे शिंपले वेडेवाकडे वाढू लागले, आणि ठिकठिकाणच्या समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नरांची इंद्रियं फुटू लागली. २००१मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८पासून तो रंग बंद. आता कमी विषारी किंवा जीवांना बूडच टेकू न देणाऱ्या निसरड्या लेपांचा शोध चालू आहे. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेतही असं काम होतं. होडी अॅल्युमिनियमची असेल तर तांब्याचा रंग चुकूनही लावू नये. ‘अलार्म’च्या खिळ्यांचं जे झालं ते अख्ख्या तळाचं होईल.

पाण्याखालच्या धातूला, म्हणजे सुकाणूच्या बिजागऱ्या, पंख्याचा दांडा यांना, जस्ताचे गोळे जोडतात. किती जस्त लागेल याचा हिशेब फॅरडेच्या नियमाने मांडता येतो: एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे पावणेअकरा किलो जस्त जातं. अर्धा गोळा झिजला की बदलायचा. न झिजलेला गोळा पाहून खूश होणारे लोक असतात. तो झिजत नसेल तर कुठेतरी तार तुटली आहे आणि दुसरंच काहीतरी झिजतं आहे. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते झोपी जातं, तिथे मॅग्नेशियम लागतं. तुमच्या घरी टाकीचा गिझर असेल, तर त्यात बहुधा हा मॅग्नेशियमचा दांडा असतो. खारपाणातल्या गावात तो कधी उघडून बघा. बहुतेक वेळा मधली तार तेवढी उरलेली असते आणि कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

होडीचं एवढं कौतुक झाल्यावर ट्रेलरकडे कोण बघतो? आणि सगळ्यांत आधी मरतो तोच. पूर्ण बुडालेल्या लोखंडाला ऑक्सिजन बेताचा मिळतो; भिजून वर येणाऱ्याला पाणीही मिळतं, हवाही. बंदरातले खांबसुद्धा लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात सर्वांत जास्त गंजतात. ट्रेलर तर कायम त्याच पट्ट्यात जगतो.

त्यातली बेअरिंगची गोष्ट ट्रॅक्टर-ट्रॉली चालवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. तासन्‌तास महामार्गावर धावून आलेल्या चाकाचं हब तापलेलं असतं. आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर गेलेली असते. आल्या आल्या ट्रेलर पाण्यात लोटला, की हब एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढून घेते. पाणी स्वतःहून शिरत नाही, चाकच ते पितं. ग्रीस पांढरं, ताकासारखं होतं. त्या दिवशी काही कळत नाही, पुढच्या मोसमात रस्त्यात बेअरिंग जाम होतं. तेव्हा उताराच्या टोकाशी थांबायचं. चहा घ्यायचा. हबला हात लावून पाहायचा. सोसवेल इतकं गार झालं की मगच पाण्यात. हबच्या टोपणात स्प्रिंगचा दट्ट्या बसवून ग्रीस सतत किंचित दाबाखाली ठेवायची सोयही मिळते. मग आकसताना आत जातं ते ग्रीस. मागच्या दिव्यांची पिन काढून ठेवायची, कारण जुना तापलेला बल्ब गार पाण्यात फुटतो.

सांगाडा घ्यायचा तो गरम जस्तात बुडवून काढलेला, आणि शक्यतो उघड्या सी-चॅनलचा. चौकोनी बंद पाइपात शिरलेलं खारं पाणी आतल्या आत कुजवतं आणि बाहेरून रंग हसत असतो. स्टेनलेसच्या बोल्टवरही डोळे मिटून विसंबू नये. त्याचा संरक्षक पापुद्रा ऑक्सिजनवर जगतो. ओल्या लाकडाखाली, चकतीखाली ऑक्सिजन पोचेनासा झाला की तिथेच बारीक खड्डे पडतात आणि दिसायला लखलखीत बोल्ट एक दिवस मानेतून तुटतो. मोलिब्डेनम घातलेलं ३१६ जातीचं स्टेनलेस जास्त तग धरतं.

समुद्रातून काढल्यावर सगळं धुवायचं, हे सगळेच सांगतात. का, ते थोडेच सांगतात. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते हवेतलं बाष्प ओढून स्वतःच ओलं होतं. हवेची सापेक्ष आर्द्रता तेहतीस टक्क्यांच्या वर गेली की पुरे. मेमधल्या बाळापूरच्या दुपारी हवा त्याहून कोरडी असते, त्यामुळे न धुतलेला ट्रेलर इथे आणून अंगणात उभा केला तर उन्हाळाभर तो गंजणं विसरल्यासारखा दिसेल. मृगाचं पहिलं आभाळ भरून आलं की पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये बसलेलं ते मीठ पुन्हा पाणी धरेल, पाऊस अंगावर पडायच्याही आधी.

आणि धुवायचं तर कोणत्या पाण्याने? इथल्या बोअरने धुतलात तर एक मीठ काढून दुसरं लावाल. समुद्राचं पाणी पस्तीस हजार, बोअरचं दोन-तीन हजार, म्हणजे पहिल्या धुण्याला ते चालेल. पण ते सुकलं की आपला थर मागे ठेवतंच. शेवटचा हात नळाच्या गोड्या पाण्याचा किंवा पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्याचा हवा. आरओ बसवणाऱ्याच्या खिशात टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र असतं, ते बादलीत बुडवलं की आकडा कळतो. पाण्यातून वीज किती सहज वाहते, तेच ते यंत्र मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. धुऊन झाल्यावर ट्रेलरचा जोडदांडा जरा उंच करून ठेवायचा, म्हणजे सांगाड्यातलं पाणी मागून निघून जातं. मग हबमध्ये पंपाने ग्रीस भरायचं, जुनं पांढरट ग्रीस संपून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत.